पाटीचा आठवडा

एस्लिंगन, २० एप्रिल १९७५

अप्पच्चन, ईशोची स्तुती असो.

मी इथे पोचून पाच आठवडे झाले. तार मिळाली असेलच. अन्नक्कुट्टी खुशाल आहे. तिच्या हॉस्पिटलातल्या नन्सनी तिला नर्सेसच्या वसतिगृहाबाहेर राहायची परवानगी दिली आणि आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेकार नदी दिसते, फक्त त्यासाठी टेबलावर चढावं लागतं.

माझ्या नोकरीचं तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. बायकोच्या मागोमाग आलेल्या नवऱ्याला इथलं सरकार काही वर्षं कामाचा परवाना देत नाही. पासपोर्टात तसा शिक्काच मारलाय. शाळेतली गणिताची जागा सोडताना मला हे माहीत होतं आणि तुम्हालाही होतं. सध्या मी जर्मन शिकतो आणि घरात लक्ष घालतो.

इथली दारं फार मानी आहेत. एकदा मागे लागली की किल्लीशिवाय ऐकत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी चटई झटकायला बनियन आणि कमरेला गुंडाळलेल्या मुंडूवर बाहेर आलो आणि मागे दार खट्‌कन लागलं. अन्नक्कुट्टी ड्यूटीवर, बाहेर बर्फ भुरभुरतंय, आणि मी जिन्यात चटईवर बसलेला. तळमजल्यावर घरमालकीणबाई राहतात, फ्राऊ श्वेग्लर, वय सत्तरीचं. त्या वर आल्या, माझ्याकडे पाहिलं, मग मुंडूकडे पाहिलं, खाली गेल्या आणि दिवंगत यजमानांची विजार घेऊन आल्या. ती विजार माझ्यासारख्या दोघांना पुरेल. मग त्यांनी मला खाली नेऊन सूप वाढलं. तीन तास आम्ही समोरासमोर बसलो. त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होतो. कशाकशाला हो म्हणालो, देव जाणे.

पण आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा सकाळी दार उघडलं तर कडीला एक लाकडी पाटी लटकलेली. वीतभर उंच, कडेने फुलं रंगवलेली, मधे जुन्या वळणाची काळी अक्षरं. ती अन्नक्कुट्टीलाही वाचता येत नाहीत. नन्सच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात असली असतात म्हणते. मी जिना वरपासून खालपर्यंत पाहून आलो. घरात सहा बिऱ्हाडं आहेत, पण पाटी फक्त आमच्या दारावर. अन्नक्कुट्टी म्हणाली, "अच्चाया, नव्या भाडेकरूचा मान असेल काहीतरी." मलाही तसंच वाटतं. कडीला लोंबकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून दोन भक्कम खिळे मारून मी ती दाराच्या मधोमध बसवली आहे. रोज पुसतो.

अम्मच्चीला सांगा, लोणचं फुटलं नाही.

तुमचा कुरुवच्चन

&nbsp;

मुट्टप्पारा, ११ मे १९७५

कुरुवच्चा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण औसेप येऊन बसला होता. विजारीची गोष्ट गाळली.

तुला ठाऊकच आहे, तू गेल्यापासून हा माणूस चर्चच्या पायरीवर मला गाठतो. "वर्कीच्चा, नर्सच्या नवऱ्याला तिकडे काम काय असतं हो? भांडी कोण घासतं?" चारचौघांत विचारतो, वर हसतो. मी चर्चचा विश्वस्त, अकरा वर्षं तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला, आणि मला खाली बघून चप्पल शोधावी लागते. या रविवारी तशी वेळ आली नाही. मी म्हटलं, "औसेप, सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत जर्मन लोकांनी एकाच दारावर पाटी लावली आहे. ती माझ्या मुलाच्या." त्याचं हसू गेलं. मग म्हणाला, "पाटीवर काय लिहिलंय?" मी म्हटलं, "जुनी अक्षरं आहेत, तुला नाही कळायची."

तरी काय लिहिलंय ते नीट विचारून कळव.

दुसरं असं की येत्या जानेवारीत आपल्या चर्चला पंचाहत्तर वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे आणि तिच्या समितीत मी आहे. 'परदेशातील आपली माणसं' असं एक पान ठरलंय. औसेपच्या जॉयकुट्टीने कुवेतहून मोटारीला टेकून काढलेला फोटो पाठवलाय. मोटार त्याची नाही, हे मोटारीकडे बघूनच कळतं. तू सूट घाल, टाय लाव, पाटीशेजारी उभा राहा आणि फोटो पाठव. पाटी पूर्ण दिसली पाहिजे.

आणि अन्नक्कुट्टी कामावर जाते तेव्हा स्वयंपाक कोण करतं, ते तू लिहिलं नाहीस. बाई ठेवली असेल असं मी धरून चालतो.

अप्पच्चन

&nbsp;

एस्लिंगन, २ जून १९७५

अप्पच्चन,

पाटीचा अर्थ कळला. ही इकडची फार जुनी रीत आहे. ज्या बिऱ्हाडाच्या दारावर पाटी, त्याच्याकडे तो आठवडा सबंध इमारतीची जबाबदारी. जिना, तळघर, मागचं अंगण, समोरच्या रस्त्याचा तुकडासुद्धा. सगळं चोख आहे की नाही हे त्या माणसाने पाहायचं आणि शनिवारी फ्राऊ श्वेग्लर स्वतः फिरून खात्री करून घेतात. सुरुवातीला माझ्याकडे ही जबाबदारी सलग तीन आठवडे होती. असं इथे आजवर कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं, असं त्या सगळ्यांना सांगतात.

सूट अजून शिवलेला नाही. फोटोचं बघतो.

स्वयंपाकाची सोय झालेली आहे, काळजी नसावी.

कुरुवच्चन

&nbsp;

एस्लिंगन, २ जून १९७५

अम्मच्ची,

हे पत्र अन्नक्कुट्टीच्या नावाने मुद्दाम तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर धाडतोय. अप्पच्चनना दाखवू नकोस.

पाटी झाडलोटीची आहे गं. ज्याच्या दारावर ती, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. आठवडा संपला की शेजाऱ्याच्या कडीला अडकवायची. मी तिला खिळे मारून बसलो. तीन आठवडे सगळी बिऱ्हाडं बघताहेत की हा माणूस पाटी सोडतही नाही आणि झाडतही नाही. शेवटी फ्राऊ श्वेग्लर झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी तीन तास मान हलवली होती ना, त्यात याचंही वचन देऊन बसलो होतो.

मग मला वाटलं, आता दाखवूनच देतो. आपण व्हरांडा धुतो तसा वरून तीन बादल्या पाणी ओतून जिना धुतला. जिना लाकडाचा. पाणी फटीफटीतून थेट तळघरात, फ्राऊ श्वेग्लरांच्या बटाट्यांच्या पेटीत. त्यातून तो रविवार होता, आणि रविवारी इथे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. बाई ओरडल्या नाहीत. एकेक बटाटा फडक्याने पुसत बसल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता शिकलोय. पण मागच्या अंगणात दगडी फरशी आहे, तिच्या फटींत पाला अडकतो आणि इथला केसाळ झाडू त्याला नुसता कुरवाळतो. आपला हिरांचा खराटा हवा. तू बांधतेस तसा, घट्ट. हॉस्पिटलातली लीलाम्मा ऑगस्टमध्ये सुट्टीहून परत येईल, तिच्याबरोबर दे.

स्वयंपाक मीच करतो. मासा तुझ्यासारखा नाही होत.

कुरुवच्चन

&nbsp;

मुट्टप्पारा, २५ ऑगस्ट १९७५

कुरुवच्चा,

लीलाम्माकडे खराटा दिलाय. आधी ती नाहीच म्हणत होती, विमानात झाडू कोण नेतं म्हणे. मी जुन्या साडीत गुंडाळून वर सुतळी बांधली आणि म्हटलं, कुणी विचारलं तर पूजेची वस्तू म्हण. ती म्हणाली, अम्मच्ची, आपण ख्रिस्ती. मी म्हटलं, विमानवाल्यांना काय कळतंय.

मागच्या परसातल्या माडाच्या झावळ्यांचे हीर आहेत, सरळ आणि लांब. ओले करून बांधलेत, वाळले की आवळतील. जोर मनगटातून लाव, खांद्यातून नको. कोपरा आला की खराटा आडवा धर.

मी हीर सोलत होते तेव्हा तुझे अप्पच्चन विचारत होते, हा खराटा कुणाला. मी म्हटलं, लीलाम्माच्या आईला. ते म्हणाले, तिच्या घरी माड नाहीत का? मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

तू लहान होतास तेव्हा मी झाडून ठेवलेल्या अंगणावर पाय ठेवायचा नाहीस. खराट्याच्या रेषा मोडतील म्हणून कडेकडेने जायचास. हे तुझ्या अप्पच्चनना ठाऊक नाही. ते मधूनच जातात.

अम्मच्ची

&nbsp;

मुट्टप्पारा, १४ सप्टेंबर १९७५

कुरुवच्चा,

स्मरणिकेचा मजकूर नोव्हेंबरअखेर छापखान्यात जाईल. सगळ्यांचे फोटो आले, तुझा नाही. समितीत मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारणारा औसेप होता.

पाटीची सगळी हकीकत मी लोकांना सांगितली आहे. सबंध इमारतीची जबाबदारी, तीन आठवडे सलग. चर्चचे पाद्री अच्चन प्रवचनात म्हणाले, "आपल्या परिसरातली मुलं परक्या मुलखात विश्वासाला पात्र ठरतात," आणि माझ्याकडे पाहिलं. कुरुवच्चा, तीस वर्षं मी त्या बाकावर बसतोय, पण असा ताठ कधी बसलो नव्हतो.

तू शाळा सोडून बायकोच्या मागे गेलास तेव्हा मी तुला थांबवलं नाही. माझ्या तोंडून काही वाईट गेलं असेल तर ते रागाने गेलं. पण आज या गावात माझी मान त्या एका पाटीवर वर आहे. तू तेवढा फोटो पाठव. सूट नसेल तर कुणाचा माग. त्यात लाज नाही.

अप्पच्चन

&nbsp;

एस्लिंगन, १९ ऑक्टोबर १९७५

अप्पच्चन,

फोटो पाठवतो आहे. हे पत्र वाचून संपेपर्यंत तो बघू नका, अशी विनंती.

तुम्ही लिहिलंत तसा मी सूट मागितला. श्वेग्लर यजमानांचाच मिळाला. मागून अन्नक्कुट्टीने अकरा पिना लावल्या. फ्राऊ श्वेग्लरांनी यजमानांचा जुना कॅमेरा काढला आणि मला पाटीशेजारी उभं केलं. एक फोटो झाला. मग त्यांनी कॅमेरा खाली केला आणि विचारलं, "आणि झाडू कुठंय?"

मी म्हटलं, झाडू नको. वडिलांना पाठवायचाय.

त्या म्हणाल्या, "माझे यजमान दर शनिवारी टाय लावून झाडायचे. रस्त्यावरची माणसं टोपी काढायची त्यांना." मग स्वतःच आत गेल्या आणि आपला हिरांचा खराटा आणून माझ्या हातात दिला. दुसरा फोटो काढला.

तो खराटा लीलाम्माच्या आईसाठी नव्हता. माझ्यासाठी होता. मीच मागवला होता. अम्मच्चीवर रागावू नका.

पाटी झाडलोटीची आहे, अप्पच्चन. बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा असतो, जर्मन असो की आम्ही. मला आधी कळलं नव्हतं. कळल्यावर मी तुम्हाला लिहिलं त्यात खोटा शब्द नव्हता, पण तुमचा गैरसमज व्हावा अशाच बेताने मी ते लिहिलं.

दोन्ही फोटो धुऊन आले तेव्हा मी ते टेबलावर ठेवून बसलो. अन्नक्कुट्टी ड्यूटीवरून आली. तिने डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ती टोपी मी धुतो, भाताच्या पेजेची खळ करतो, नीळ देतो. कागदासारखी ताठ राहते. ती म्हणाली, "आज मुख्य सिस्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, ही टोपी कुठल्या लाँड्रीतली? मी म्हटलं, माझा नवरा करतो. अच्चाया, मला सांगताना छान वाटलं. आता यातला कुठला फोटो पाठवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि जेवायला बसली. जेवणही मीच केलेलं होतं.

म्हणून मी हा पाठवतोय. मी घर सांभाळतो. तीन माळ्यांचा जिना माझ्या आठवड्यात असा असतो की फ्राऊ श्वेग्लर कोपऱ्यात बोट फिरवतात आणि बोट पांढरं निघतं. गणित शिकवायचो तेव्हाही मला स्वतःचा इतका अभिमान वाटला नव्हता. लाज वाटत होती ती फक्त तुमच्यापुढे.

छापायचा तर हा छापा. नको असेल तर माझं नाव गाळा. दुसरा फोटो मी पाठवणार नाही.

फ्राऊ श्वेग्लरांनी तुमच्या नावाने एक चिठ्ठी दिली आहे. खाली अन्नक्कुट्टीने ती आपल्या भाषेत उतरवली आहे.

कुरुवच्चन

*श्रीयुत वर्की यांस,*

*मी या घरात एकेचाळीस वर्षं आहे. पायरीच्या आतल्या कोपऱ्यातली धूळ काढणारी दोनच माणसं मी पाहिली. एक माझे यजमान आणि दुसरा तुमचा मुलगा. माझ्या यजमानांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, म्हणजे तुमच्या मुलाला तुम्हीच शिकवलं असणार. मुलगा असा वाढवल्याबद्दल मी तुमचा हात हातात घेते.*

*त्याच्याकडचा झाडू इथल्या कुठल्याही झाडूपेक्षा चांगला आहे. तसा एक मला हवा आहे. फार अडचण होणार नसेल तर पाठवावा.*

*बेर्टा श्वेग्लर*

&nbsp;

मुट्टप्पारा, ७ डिसेंबर १९७५

कुरुवच्चा,

तुझे अप्पच्चन आजारी नाहीत. जेवतात, प्रार्थनेला जातात. बोलत तेवढे नाहीत.

तुझं पत्र आलं ते त्यांनी माझ्यापुढे वाचलं नाही. खोलीत नेलं. फोटो बायबलात ठेवलाय. मी साफसफाई करताना पाहिला. बाळा, तू बारीक झालायस, पण खराटा बरोब्बर धरलायस.

त्या बाईंची चिठ्ठी मात्र ते रोज काढतात. चष्मा लावून वाचतात आणि परत ठेवतात. आठ दिवसांपूर्वी बाहेर आले आणि मला म्हणाले, "एक खराटा बांधून दे. जर्मनीला पाठवायचाय." मी म्हटलं, मी नाही बांधणार. ते म्हणाले, का? मी म्हटलं, चिठ्ठी ज्याच्या नावाने आलीय त्याने बांधावा.

चाळीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. मी हात पदरात घेतले. ते माडाखाली जाऊन उभे राहिले.

स्मरणिकेचं काय केलं ते मला सांगितलेलं नाही.

अम्मच्ची

&nbsp;

मुट्टप्पारा, २५ जानेवारी १९७६

कुरुवच्चा,

चार महिने मी लिहिलं नाही. तुझ्या आईने काय ते कळवलं असेलच. कळवल्याशिवाय ती राहत नाही.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. खोटं सांगितलंस म्हणून आला, आणि खरं सांगितलंस म्हणूनही आला. मी गावभर मान वर करून फिरलो होतो. आता ती खाली कशी आणायची याचाच मी विचार करत होतो, तुझा नाही. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तू लिहिलंस तर मीही लिहितो.

पण त्या बाईंची चिठ्ठी माझ्या नावाची होती. माझ्या नावाने आलेलं पत्र मी बिनउत्तराचं कधी ठेवलेलं नाही. उत्तर लिहायला बसलो की त्या एका वाक्यावर अडायचो. 'तुम्हीच शिकवलं असणार.' मी शिकवलं नाही, कुरुवच्चा. या घरात मी कधी खराटा उचललेला नाही. तू आईकडे बघून शिकलास आणि ती बाई आभार माझे मानते. तिजोरीची किल्ली कमरेला असलेल्या माणसाने न केलेल्या गोष्टीचं श्रेय खिशात घालायचं? म्हणून ठरवलं की आधी शिकायचं आणि मग उत्तर लिहायचं.

झावळ्या उतरवून घेतल्या. पात सोलून हीर काढणं मला वाटलं होतं त्याहून अवघड आहे. दोन बोटं कापली. पहिला खराटा बांधून मी उचलला तर मूठ हातात राहिली आणि हीर सगळे व्हरांड्यात. तुझी आई पायरीवर चिंच निवडत होती. वर बघितलं नाही, नुसतं "अंहं" म्हणाली. दुसऱ्यालाही "अंहं". तिसऱ्याच्या वेळी उठली, सुतळीचं टोक माझ्या हातातून घेतलं, दातात धरून ओढलं आणि परत माझ्याकडे दिलं. चौथा माझा मी बांधला. तो सुटत नाही.

आता स्मरणिकेबद्दल. समितीत तुझा फोटो मीच मांडला. एकजण म्हणाला, वर्कीच्चा, दुसरा नाही का? मी म्हटलं, आहे, पण तो माझा मुलगा पाठवत नाही. खाली काय छापायचं यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं 'व्यवस्थापक' लिहू, कुणी म्हणालं नुसतं 'जर्मनी' लिहू. मजकूर मी सांगितला तोच छापला: 'कुरुविला वर्की, एस्लिंगन. घर सांभाळतात. पत्नी अन्नक्कुट्टी, परिचारिका.' एक प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे. शेजारी जॉयकुट्टी आहे, मोटारीसकट.

स्मरणिका गेल्या रविवारी निघाली. सोमवारी सकाळी मी अंगणात होतो. खराटा बांधला म्हणजे तो टिकतो का, हे वापरून बघायला नको? लांबच्या माणसाला सुटणारी वस्तू पाठवायची नाही. म्हणून झाडत होतो. मनगटातून जोर लावायचा असतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. फाटकाशी सावली पडली. औसेप. बगलेत स्मरणिका.

"वर्कीच्चा, हे काय?"

"जर्मनीहून मागणी आहे."

"नाही, म्हणजे... तुम्ही झाडताय?"

मागच्या वर्षीचा मी असतो तर खराटा माडाच्या बुंध्यामागे टाकला असता. मी तो खाली ठेवला नाही. झाडत झाडत फाटकापर्यंत गेलो. अंगणभर रेषा पडल्या होत्या, तुझ्या आईच्या पडतात तशा नाही, पण पडल्या होत्या. तो नेमका त्यांच्यावर उभा होता.

मी म्हटलं, "औसेप, पाय उचल."

त्याने उचलला.

फ्राऊ श्वेग्लर यांना सोबतचा खराटा दे. उत्तर वेगळं लिहिलं आहे, अन्नक्कुट्टीने ते त्यांना नीट वाचून दाखवावं. त्यात मी लिहिलं आहे की कुरुवच्चनला हे त्याच्या आईने शिकवलं, आणि आता मलाही तीच शिकवते आहे.

तुझ्या आठवड्यात पाटी दारावर नीट दिसेल अशी लाव. खिळे मारू नकोस.

अप्पच्चन

*(कडेला, बारीक अक्षरात)* कुरुवच्चा, कोपरे अजून राहतात त्यांचे. मी काही बोलले नाही. पण हल्ली कडेकडेने जातात. — अम्मच्ची